विचारायच्या आधीच

१

हे सगळं मला नीट आठवतं असं मी म्हणतो, पण माझ्या म्हणण्यावर कितपत भरवसा ठेवायचा, हे मलाच ठरवता येत नाही. चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांना प्रकाशशास्त्र शिकवलं. निरीक्षण आधी, मत नंतर, हे फळ्यावर लिहून लिहून खडू झिजवले. आणि आता स्वतःच्या बाबतीत कुठली गोष्ट आधी घडली आणि कुठली नंतर, एवढंसुद्धा मला छातीठोकपणे सांगता येत नाही. सगळा प्रकार त्याच एका गोष्टीवर अडलेला आहे, म्हणून हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

निवृत्तीनंतर मला एक उद्योग मिळाला होता. ऑनलाइन लिलावात नात्यातलं किंवा ओळखीचं कोणी महागाचं काही घ्यायला निघालं, की विक्रेता कसा आहे ते बघायला माझ्याकडे यायचं. दुपारी चारचा चहा झाला की मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचो. खातं किती जुनं आहे? आजवर बटणं आणि जुनी तिकिटं विकणारा एकाएकी हिऱ्याची अंगठी विकायला काढतोय का? सगळे चांगले अभिप्राय एकाच आठवड्यात, एकाच धाटणीत पडलेत का? ‘आजच ठरवा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ अशी घाई करतो का? व्यवहार साइटच्या बाहेर उरकू म्हणतो का? मग फोटो. अंगठीची सावली उजवीकडे आणि डबीची डावीकडे असेल, तर फोटो जोडलेला आहे हे सांगायला प्राध्यापक लागत नाही, पण लोकांना वाटायचं की लागतो, आणि मलाही ते आवडायचं.

शेवटची परीक्षा चिठ्ठीची. फसवणाऱ्याकडे वस्तू नसते, तिचे कुठूनतरी उचललेले फोटो असतात. म्हणून मी विक्रेत्याला नवीन फोटो मागायचो: वस्तूशेजारी एक चिठ्ठी, तिच्यावर हाताने लिहिलेली आजची तारीख आणि मी सांगेन तो एक शब्द. शब्द कोणाला ओळखता येऊ नये म्हणून मी तो मनाने ठरवत नसे. डोळे मिटून शब्दकोश उघडायचो आणि उजव्या पानावरचं पहिलं नाम घ्यायचो. म्हणजे उघडेपर्यंत तो शब्द मलाही माहीत नसायचा.

“लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली असती ना,” ही म्हणायची, “तर वाचला असता.”

“चौकशी केली होती. तुझ्या वडिलांनी चिठ्ठी दिली नाही.”

“देतील कशी? माल परत आला असता.”

असं आमचं चालायचं.

२

भाचा आला तो बुधवार होता. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेल्यापासून त्याला आम्ही आणि आम्हाला तो. पन्नाशीचा, घड्याळजी, बाजारात आठ फूट रुंदीचं दुकान. डोळ्याला भिंग लावून बसायची इतकी सवय की नुसतं बोलतानाही एक डोळा बारीक करायचा.

“मामा, हे बघा ना. खरं असेल?”

फोनवर एका जहाजी घड्याळाचा फोटो होता. पूर्वी समुद्रावर वेळ मोजायला वापरत ते. लाकडी पेटीत पितळी कड्यांमध्ये टांगलेलं. जहाज कितीही डोललं तरी आतली तबकडी आडवीच राहायची. किमतीचा आकडा बघून ही म्हणाली, “एवढ्यात तर जहाजच येईल.”

“मामी, आख्ख्या जन्मात असं एक घड्याळ हाताखालून जात नाही. माझ्या वडिलांच्याही नाही गेलं.”

हिने त्याला चहा दिला. त्याने कप उचलला आणि बशीवर परत ठेवला, तेव्हा कप बशीवर किणकिणत राहिला. त्याने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला. आम्ही दोघांनी पाहिलं आणि दोघंही दुसरीकडे बघायला लागलो.

“कधीपासून?” शेवटी हिनेच विचारलं.

“वर्ष होईल. डॉक्टर म्हणतात, हे हळूहळू वाढतच जाणार. मनगटी घड्याळं आता घेतच नाही मी. गिऱ्हाइकाला सांगतो, पार्ट मिळत नाही.” तो हसला. “भिंतीवरची तेवढी घेतो. ती जरा दणकट असतात, माझा हात सोसतात.”

“अरे, मग हे कशाला आता?”

“आताच, मामी. एकदा मला असं एक उघडायचंय. साफ करायचं, जोडायचं आणि चालू करायचं. हात आहेत तोवर.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तुम्ही हो म्हणालात तरच घेतो. सगळं घालून बसतोय मी याच्यात. फसलो तर पुन्हा उभा राहायला वेळ नाही माझ्याकडे. बघाल ना? कधीपर्यंत सांगाल?”

“शुक्रवारपर्यंत,” मी म्हणालो.

३

विक्रेता निर्दोष होता. मी मुद्दाम हा शब्द वापरतो, कारण तो मला तेव्हाच खटकला होता. निर्दोष विक्रेता मी त्याआधी पाहिला नव्हता. चांगल्या माणसाकडूनही एखादं पार्सल उशिरा जातं, एखादं गिऱ्हाईक उगाच कुरकुरतं. याचं खातं अकरा वर्षं जुनं, वर्षाला दोन-तीनच वस्तू विकलेल्या. एक दुर्बीण, एक व्हायोलिन, शल्यविशारदाची हत्यारांची पेटी, नकाशे काढणाऱ्याचा कंपास. अभिप्राय तीसएक. वेगवेगळ्या लोकांचे, वेगवेगळ्या भाषेत, कोणी शुद्ध लिहिणारं, कोणी अशुद्ध. कुठेच छापाचे वाटत नव्हते. पण एक वाक्य जवळजवळ प्रत्येकात कुठेतरी होतंच.

‘विचारायच्या आधीच सगळं सांगितलं.’

विक्रेत्याची याहून मोठी स्तुती ती कुठली? मी वहीत लिहिलं: तत्पर.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती टाळली तर पुढचं कळणार नाही. त्याच्या दोन महिने आधी ग्रंथालयातून येताना, तीस वर्षं ज्या चौकातून मी घरी येत होतो, त्या चौकात मी उभा राहिलो आणि घर कुठल्या बाजूला ते मला कळेना. एका फळवाल्याने हाताला धरून आणून सोडलं. मुलगी दुसऱ्या शहरात असते, तिने तातडीने डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरांनी कागद-पेन्सिल देऊन म्हटलं, एक घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मी काढलं. ते म्हणाले, “वयाच्या मानाने ठीक आहे.” ते ‘वयाच्या मानाने’ माझ्या मानेवर बसून राहिलं. घरी ही मला बघत असायची. मी गॅस बंद केला की नाही, हे ती हळूच जाऊन पाहायची. आणखी एकदा काही झालं तर मुलगी आम्हाला तिच्याकडे नेणार, हे न बोलता ठरलेलं होतं. माझ्याकडे त्या चारच्या चहानंतरचा लॅपटॉप तेवढा राहिला होता.

४

गुरुवारी चारला मी शब्दकोश उघडला. बिजागरी. तो शब्द वहीत पेन्सिलीने लिहिला. लॅपटॉपवर विक्रेत्याला लिहायला घेतलं: ‘नमस्कार. कृपया एका कागदावर आजची तारीख आणि’

एवढ्यात दाराची बेल वाजली. ही गच्चीवर कपडे काढायला गेली होती, म्हणून मीच उठलो. मीटर बघायला माणूस आला होता. त्याला जिन्याखालचा मीटर दाखवला, त्याने आकडे टिपले, मी दार लावलं आणि परत येऊन खुर्चीत बसलो.

फोटो आलेला होता.

पितळी घड्याळ, लाकडी पेटी, पेटीला टेकवून उभी केलेली चिठ्ठी. आजची तारीख. तिच्याखाली सुबक अक्षरात: बिजागरी.

खालच्या चौकटीत माझा संदेश अर्धाच होता. ‘आजची तारीख आणि’. त्याच्या पुढे ती उभी रेघ लुकलुकत होती.

मी हात मांडीवर ठेवून बसलो. घाबरलो असं म्हणता येणार नाही. कोडं सोडवताना बसतो तसा बसलो. एक शक्यता: मी आधीच संदेश पाठवला, विसरलो आणि पुन्हा लिहायला घेतला. पण पाठवलेला संदेश वर दिसायला हवा होता, तो दिसत नव्हता. साइट कधी कधी संदेश उशिरा दाखवते असं मला तेव्हा वाटलं. ती खरंच तसं करायची का, हे आज सांगता येत नाही. दुसरी शक्यता: कोणीतरी माझ्या लॅपटॉपमध्ये शिरून बघतंय. पण शब्द लॅपटॉपमध्ये नव्हताच. तो वहीत होता. कॅमेऱ्यावर मी स्वतः चिकटपट्टी लावलेली होती, ती जागेवर होती. चिठ्ठीवरच्या शेवटच्या ‘री’ची शाई अजून ओली होती, उजेड तिच्यावर चमकत होता. म्हणजे लिहून मिनिटही झालं नव्हतं.

नंतर मी जे केलं ते लिहायला मला लाज वाटते. मी तो संदेश पूर्ण केला. ‘बिजागरी हा शब्द लिहून फोटो पाठवावा.’ आणि पाठवून दिला. मागणी झाली होती, असं कुठेतरी असावं म्हणून.

उत्तर लगेच आलं. ‘वर पाठवला आहे.’

ही कपड्यांचा ढीग घेऊन आत आली. “काय झालं? चेहरा का असा?”

“काही नाही. मीटरवाला आला होता.”

“मग? एवढं जास्त आलं रीडिंग?”

मी हसलो. सांगितलं असतं, तर तिने आधी माझ्या कपाळाला हात लावला असता आणि मग मुलीला फोन.

५

शुक्रवारी सकाळी मी फोटो मोठा करून पुन्हा बघितला. सावल्या बरोबर होत्या. खिडकी डावीकडे, उजेड एकाच दिशेने, पेटीची, घड्याळाची, चिठ्ठीची सावली एकमेकींना समांतर. जोडकाम नव्हतं. वस्तू होती, टेबल होतं, खोली होती.

पण चिठ्ठी एकटी नव्हती.

ती गठ्ठ्यातली सर्वांत पुढची होती. मागे कागदांच्या कडा दिसत होत्या, पत्त्यांच्या जोडासारख्या. मोजायला लागलो. तीसपर्यंत मोजता आल्या, पुढे कडा एकमेकींत मिसळल्या. दुसरी चिठ्ठी पहिलीच्या मागून किंचित बाजूला सरकली होती आणि उजव्या कोपऱ्यात तिच्यावरच्या शब्दाचं शेवटचं अक्षर दिसत होतं. ‘डा’.

तासभर मी शब्दकोशाकडे गेलो नाही. वर्तमानपत्र वाचलं. दाढी केली. मग गेलो, डोळे मिटले आणि उघडला.

कोनाडा.

आता ‘डा’वर संपणारे शब्द थोडे का आहेत? घोडा आहे, तुकडा आहे, आकडा, सांगाडा. संभाव्यता काढता आली असती. विद्यार्थ्यांना काढायला लावलीही असती. मी शब्दकोश कपाटात वरच्या फळीवर, हात पुरणार नाही असा ठेवला. तिसऱ्यांदा उघडला नाही, त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. कारण उघडून काय होणार होतं? त्या गठ्ठ्यात मी आयुष्यभर उघडीन तेवढे शब्द असतील, किंवा नसतील. तीस कडा मोजल्या होत्या. दोन वापरून झाल्या होत्या. पुढचं गणित मला करायचं नव्हतं.

दुपारी भाच्याचा फोन आला.

“मामा, आज संध्याकाळी लिलाव संपतोय. काय करू? चिठ्ठी आली?”

“आली.”

“शब्द बरोबर?”

“बरोबर.”

“आणि फोटो? जोडलेला वगैरे?”

“नाही. खरा आहे.”

“मग?”

मग मी एकच वाक्य बोलायचं होतं. मी मागायच्या आधी आली, एवढंच. त्याने विचारलं असतं, नक्की? आणि मला नक्की माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर ते वाक्य खोटं ठरेल अशी मला भीती नव्हती. ते मी बोललो, की माझं डोकं ठिकाणावर नाही असं सगळे धरून चालतील, ही भीती होती.

“मामा? आहात का?”

“माणूस ठीक आहे,” मी म्हणालो. “घे.”

६

घड्याळ त्यालाच मिळालं. विक्रेत्याने लिहिलं की असल्या यंत्राला पार्सलचे हिसके सोसत नाहीत, येऊन घेऊन जा. रास्तच होतं. उलट, समोर भेटायला तयार असणारा विक्रेता हा माझ्या यादीत जमेचा मुद्दा. तरीही मी म्हणालो, मीही येतो.

“तुम्ही तिथे काय करणार?” ही म्हणाली. “समोर बसवून चिठ्ठी लिहायला लावणार?”

चार मजली इमारत होती. खाली झेरॉक्सचं दुकान, पहिल्यावर दातांचा दवाखाना. ड्रिलचा आवाज जिन्यात येत होता. सकाळचे अकरा. कोणाच्यातरी घरी रेडिओ चालू होता. मी कठड्याला धरून तिसऱ्या मजल्यावर आलो. भाचा माझ्यापुढे होता, त्याने बेलकडे बोट नेलं. बोट अजून हवेत, थरथरत होतं.

“या, या. दार उघडंच आहे,” आतून आवाज आला.

फोटोतली खोली. खिडकी डावीकडे, टेबल, टेबलावर पेटी उघडी. दोन खुर्च्या आणि वाफ येणारे दोन कप. आतल्या खोलीच्या दारावर जाड, मातकट पडदा होता. आवाज त्याच्यामागून आला.

“बसा. डावीकडचा बिनसाखरेचा आहे.”

भाचा माझ्याकडे बघून कौतुकाने हसला. “शुगरचं तुम्ही सांगितलं होतं का यांना?”

“सांगितलं असेन,” मी म्हणालो. हे दोन शब्द त्या दिवसांत माझ्या तोंडात फार यायचे.

आवाज म्हाताऱ्याचा नव्हता, तरुणाचाही नव्हता. शिकलेल्या, कोणाला न दुखावणाऱ्या माणसाचा होता. भाच्याचं आवाजाकडे लक्षच नव्हतं. तो डोळ्याला भिंग लावून घड्याळावर वाकला होता आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता. “मामा, बघा. बघा हो. मूळचं आहे सगळं. कोणी हात लावलेला नाही.”

मी बघितलं. असलं घड्याळ सेकंदाला दोन ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याला काटा अर्ध्या घराने उडी मारतो. मी बघत राहिलो. ठोका आधी ऐकू येत होता. काटा नंतर हलत होता.

दोन हातांवरच्या वस्तूच्या बाबतीत उजेड आणि आवाज यांत फरक पडत नाही. पडला तर आवाज मागे राहतो. पुढे जात नाही. मला कानाचं यंत्र आहे. यंत्राने आवाज उशिरा पोचेल, लवकर नाही. डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण त्याने काटा मंदावत नाही. हे सगळं मी त्या खुर्चीत बसून, शिस्तीत, मनात मांडलं. टक, आणि मग काटा. टक, आणि मग काटा.

“किल्ली आत आहे,” आवाज म्हणाला. “तुम्हीच या, घड्याळजी.”

भाचा भिंग काढून उठला. जाऊ नकोस, असं म्हणायला मी तोंड उघडणार होतो.

“चारच मिनिटं, प्राध्यापकसाहेब,” पडद्यामागून आवाज आला.

भाचा आत गेला.

७

बोलणं ऐकू आलं नाही. हे मला पक्कं आठवतं, कारण मी कानाचं यंत्र वाढवून बसलो होतो. खालच्या ड्रिलचा आवाज येत होता, रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, आणि आतल्या खोलीत, सहा पावलांवर, माझा भाचा काही बोलत नव्हता. एरवी दोन मिनिटं गप्प बसवत नाही त्याच्याच्याने.

पडदा एका बाजूने भिंतीला पुरता टेकत नव्हता. मी उठलो नाही. खुर्चीतूनच मान वाकडी केली.

भाचा खोलीच्या मधोमध उभा होता. दोन्ही हात पुढे, पंजे खाली, शाळेत नखं दाखवायला मुलं उभी राहतात तसा. त्याच्यासमोर कोणी नव्हतं. म्हणजे त्या चार बोटांच्या फटीतून जेवढं दिसत होतं, त्यात कोणी नव्हतं. पण त्याच्या दोन्ही मनगटांवर कातडी आत दबलेली होती. गोल, पाचपाच ठिकाणी. कोणीतरी घट्ट धरल्यावर दबते तशी. तो मान वर करून समोर बघत होता आणि हळूहळू होकारार्थी मान हलवत होता.

मी मान सरळ केली. घड्याळाकडे बघत बसलो. माझ्यासमोरचा कप रिकामा होता. चहा मी प्यायलो होतो की नाही, ते आठवत नाही.

बरोबर चार मिनिटांनी तो बाहेर आला. बोटांत इवलीशी पितळी किल्ली होती. त्याने घड्याळ कड्यांत अलगद उलटं केलं, किल्ली भोकात घातली आणि साडेसात फेरे दिले. हात दगडासारखे स्थिर होते.

८

गाडीत पेटी त्याच्या मांडीवर होती. शहर नेहमीसारखं चाललं होतं. माणूस कसा होता, हे विचारायला मी त्याच्याकडे मान वळवली.

“आठवत नाही, मामा,” तो म्हणाला.

आपण घाबरलोय हे त्याला कळू नये म्हणून हाताबद्दल काहीतरी चांगलं बोलावं, असं मनात आलं.

“हो, एकदम बरे आहेत.”

सिग्नल लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो आणि मनात काहीच आणायचं नाही असं ठरवलं. ते किती अवघड आहे, हे करून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

“नाही,” थोड्या वेळाने तो प्रेमाने म्हणाला. “दुखलं नाही.”

पुढच्या आठवड्यात विक्रेत्याच्या खात्यावर एक नवा अभिप्राय पडला. भाच्याचाच. त्यात ते वाक्य होतं.

याला नऊ वर्षं झाली. भाच्याचं उत्तम चाललंय. लांबून लांबून लोक नाजूक घड्याळं घेऊन येतात. डॉक्टरांनी त्याच्या हातांवर दोन वेगळ्या यंत्रांनी तपासण्या केल्या आणि नंतर तो विषय सोडून दिला. ही सगळ्यांना सांगत सुटायची, “मामाच्या एका चिठ्ठीने पोराचं नशीब उघडलं.” मी तिला कधी काही सांगितलं नाही. चौकात हरवलेला म्हातारा व्हायचं नव्हतं म्हणून मी माझ्या बहिणीच्या मुलाला त्या पडद्याआड पाठवलं, हे तिला सांगायला हवं होतं. रोज ठरवायचो.

सहा वर्षांपूर्वी, दुपारी चारला, तो न कळवता घरी आला. दुकान बंद करून. हिच्याजवळ खुर्ची ओढून बसला आणि तिचा हात हातात घेतला. तासभर.

“आज काय रे, माझी नाडी बघतोयस?” ही म्हणाली. “चालतेय का वेळेवर?”

तो हसला. जाताना तिच्या पाया पडला. ही अगदी ठणठणीत होती; रात्री मला खोकल्याचं औषध तिनेच काढून दिलं. सकाळी उठली नाही.

तुला माहीत होतं का, हे मी त्याला विचारलेलं नाही. समोर असला की तो प्रश्न मी मनातही येऊ देत नाही. उत्तर मिळेल.

९

भाचेसून महिन्यातून एकदा माझी औषधं घेऊन येते. गेल्या वर्षी अशीच आली होती. गोळ्या डबीत भरता भरता म्हणाली, “मामा, एक विचारू? तुमच्याशी हे नीट बोलतात का?”

“बोलतो की. का गं?”

“नाही, माझ्याशीही बोलतात. भांडण नाही, काही नाही. उलट सगळं हातात आणून देतात.” तिने डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. “पण मला काही विचारत नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे काहीच. जेवलीस का, कुठे गेली होतीस, माझा चष्मा कुठे ठेवला. ते घड्याळ आणलं ना, त्या दिवसापासून. पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, कटकट गेली.” ती हसली. “मी रडत असले तरी का रडतेस म्हणून विचारत नाहीत हो. पाण्याचा ग्लास आणून ठेवतात. मी रडायला लागायच्या आधी.”

मी तिला म्हणालो, वयाने माणूस अबोल होतो. ती म्हणाली, असेल.

एका साक्षीवर निष्कर्ष काढायचा नाही, ही माझी जुनी शिस्त. त्या दिवसापासून मी वहीत नोंद ठेवली. वर्षभरात भाचा माझ्याकडे तेवीस वेळा आला. प्रत्येक वेळी तो गेल्यावर, काही विसरायच्या आत, त्याचं प्रत्येक वाक्य मी लिहून काढलं. काल ती वही पहिल्या पानापासून वाचली, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. सूनबाईचं खरं आहे. तेवीस भेटींत त्याने एकही प्रश्न विचारलेला नाही. मामा, कसे आहात, एवढासुद्धा नाही.